बाल्कनीतला ड्रम

ता. ४ जून

चि. बाब्या यास,
बाबांचे अ. उ. आ.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितोय, कारण एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय सुचत नाही. तुझा बाल्कनीतला दगडांना पॉलिश करायचा ड्रम अजून फिरतोय.

निकालाच्या दिवशी सकाळी तू त्यात तुझे नदीवरचे दगड, पाणी आणि ती जाड काळी पूड भरलीस, बटण दाबलंस आणि संध्याकाळी येऊन बघतो म्हणालास. वकिलांनीही तसंच सांगितलं होतं, की चूक कबूल केली आहे, पहिलीच वेळ आहे, घरी सोडतील. तीन वर्षं ऐकली नि तुला तिथूनच नेलं. आम्ही दोघं परत आलो तर घरभर त्या ड्रमची घरघर. मी बटणाकडे हात नेला तशी आई म्हणाली, राहू दे. त्याला आज छत्तीस दिवस झाले.

समोरचे मास्तर जिन्यात भेटले की विचारतात, एवढं काय दळताय? मी सांगतो, पीठ. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडत चाललाय.

मी जन्मभर कपडे शिवले, दगडातलं मला ओ की ठो कळत नाही. बंद करू का, उघडू का, सविस्तर कळव. अपील दाखल झालंय. आई लिहिणार होती, पण डोळे दुखतात म्हणाली. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझे
बाबा


ता. १९ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इथे आल्यापासून पहिल्यांदा हसलो. शेजारच्या खाटेवरचा रंगारी उठून बसला, म्हणाला, सुटलास की काय?

बाबा, जाड पूड आठ दिवसच चालवायची असते. आतापर्यंत तिचं पीठच झालं असेल, म्हणजे मास्तरांशी तुम्ही खोटं बोलला नाहीत. आधी बटण बंद करा. झाकण हळू उघडा, आत हवा कोंडलेली असते. आतला राखाडी गाळ मोरीत किंवा सिंकमध्ये अजिबात ओतू नका, तो सिमेंटसारखा धरतो. बादलीत काढा आणि बाहेर मातीत टाका. मग प्रत्येक दगड ब्रशने धुवा, ड्रमही धुवा. जाड पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी पुढची सगळी मेहनत ओरखड्यांत जाते. त्यानंतर निळ्या डब्यातली मधली पूड आठ दिवस, मग पांढऱ्या डब्यातली बारीक, आणि शेवटी पॉलिशची पावडर.

मला शिवणखात्यात घातलंय. तुम्ही दहा वर्षं मागे लागलात तेव्हा मी सुईत दोरा ओवला नाही, आता उशांचे अभ्रे शिवतोय. माझी शिवण नागमोडी जाते आणि खात्याचा प्रमुख रोज ती उसवायला लावतो. काही युक्ती असेल तर लिहा.

इथे प्रत्येक जण विचारतो, काय केलंस. मी सांगतो, सलग सोळा तास टेम्पो चालवला आणि डोळा लागला. तिथेच थांबतो. पुढे सायकलवर एकोणीस वर्षांची मुलगी होती, हे सांगायला तोंड उघडत नाही.

आईचे डोळे डॉक्टरांना दाखवा.

आपला
बाब्या


ता. ११ जुलै

चि. बाब्या यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, पण दहा दिवस उशिरा. मला धीर निघाला नाही. ड्रम मी आधीच उघडला होता, आणि गाळ कुठे ओतला असेन ते तू ओळखलंच असशील. तिसऱ्या दिवशी सिंक तुंबलं, चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचंही. प्लंबरने पाइप कापून हातभर लांब राखाडी कांडी बाहेर काढली आणि मला विचारलं, काका, घरात बांधकाम काढलंय का? ती कांडी त्याने मागून नेली, दुकानात ठेवणार आहे म्हणे.

दगड तीसेक होते. काही झिजून बोराएवढे झालेत, दोन फुटले. एकोणीस धड आहेत. मधली पूड चालवून झाली, आता बारीक चालू आहे. डब्यांवर मी मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्यात.

आता तुझी शिवण. तू कापड ओढत असणार, लहानपणी पतंगही तसाच ओढायचास. कापड मशीनला नेऊ दे, तू नुसतं वळण दे. आणि सुईकडे बघू नकोस. सुईशेजारच्या दाबपट्टीच्या कडेवर नजर ठेव. आधी जुन्या चिंध्यांवर वीत वीत शिवून बघ.

एक गोष्ट लिहावी की नाही ठरत नव्हतं. दगड धुवायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. मोरीत पाट टाकून बसते आणि जुन्या टूथब्रशने एकेक दगड घासते, तासतासभर. मी जवळ गेलो तर नुसतं वर बघते. डोळ्यांना काहीही झालेलं नाही, डॉक्टरांनी तपासले. पत्राला कागद घेते, तारीख घालते आणि उठते. अशा सहा कागदांवर नुसत्या तारखा आहेत. मी काही बोलत नाही, तूही काही विचारू नकोस.

अपिलाची तारीख दोन ऑगस्ट. पुढच्या शनिवारी भेटायला येतो.

तुझे
बाबा


ता. ६ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अपील फेटाळल्याचं वकिलांकडून कळलं. त्यांनी खूप कारणं सांगितली, माझ्या लक्षात एकही राहिलं नाही.

त्या शनिवारी तुम्ही फाटकावर दगड घेऊन आलात. आत काहीही आणता येत नाही हे मी कळवायला हवं होतं, चूक माझी. काचेपलीकडे तुम्ही फोन कानाला लावून बसलात आणि पाच मिनिटं त्या शिपायाबद्दलच बोलत होतात, की एवढासा दगड, त्याने कुणाचं काय होणार. बाबा, इथे दगड म्हणजे हत्यार. त्याने नियम पाळला. तुम्ही रिकामा खिसा बाहेर काढून मला दाखवलात, तो मला विसरता येत नाही.

माझी शिवण आता सरळ जाते. काल प्रमुखाने अभ्रा उलटून बघितला आणि उसवायला न लावता पुढे गेला.

ड्रम बंद करा आणि कुणाला तरी देऊन टाका. तुमचं वय बाल्कनीत वाकून बसायचं नाही. मी त्या मुलीच्या घरी पाठवायला एक पत्र लिहिलं होतं, चार वेळा. वकील म्हणाले, पाठवू नका. आता ते माझ्याजवळही नाही. तुम्ही मला काही पाठवू नका आणि माझ्यासाठी काही करू नका. करण्यासारखं काही नाही, हे मला पटलंय.

आईला नमस्कार. तिने लिहिलं नाही तरी चालेल.

आपला
बाब्या


ता. २३ ऑगस्ट

या पत्राला वर मायना नाही. तारीख घालते, ‘चि.’ लिहिते, आणि हात थांबतो. चिरंजीव म्हणजे काय हे मला आजवर कधी आठवलं नव्हतं. मुलीलाही आपण चि.च लिहितो. त्या सायकलवरच्या मुलीची आई ते आता कुणाला लिहिणार? म्हणून तुला लिहिता येईना. डोळ्यांचं निमित्त होतं.

तुझं शेवटचं पत्र वाचून बाबा दोन दिवस मशीनवर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मला तिच्या घरी जायचंय. ते नको नको म्हणाले आणि बरोबर निघाले. मी त्यांना कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर थांबवलं. हातात काही नेलं नव्हतं.

दार तिच्या आईनेच उघडलं. कोर्टात आम्ही सहा महिने समोरासमोरच्या बाकांवर बसत होतो, ओळख सांगावी लागली नाही. तिने मला आत बोलावलं नाही आणि दारही लावलं नाही. आतून शिट्टी झाली, ती गेली, गॅस बंद करून परत आली. मला वाटलं होतं, बोलायला सुरुवात केली की काहीतरी सुचेल.

शेवटी तिनेच विचारलं, “तुमचा येईल ना परत?”

मी म्हटलं, “हो. पावणेतीन वर्षांनी.”

“मग माझ्याकडे काय मागायला आलात?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने मान हलवली. मग ती म्हणाली, ऊन चढेल, जा आता. मी जिना उतरले. थांब्यावर बाबांशेजारी जाऊन बसले. बस आली ती आम्ही सोडली, त्यानंतरचीही सोडली.

तुझं ते पत्र वकिलांनी ठेवलं असेल तर राहू दे. तिथे ते वाचणारं कुणी नाही, हे मी बघून आलेय.

ड्रम बाबांनी दिला नाही. काल पॉलिश संपलं म्हणून आम्ही दोघांनी तो उघडला. ओले होते तोवर सगळे एकोणीस चमकत होते. फडक्यावर वाळले तसे नऊ मंद पडले. बाबा म्हणतात, ते पुन्हा बारीक पुडीपासून घेऊ. मी हो म्हटलं. त्याने काय होणार, ते विचारलं नाही. बाकी दहा कुठे ठेवायचे हे आम्हाला सुचत नाही, फडक्यावरच आहेत.

पुढचं पत्र माझ्या नावाने घाल. जेवण कसं असतं, अंथरूण पुरतं का, पाठ दुखते का, सगळं लिही. बाबांना तू फक्त शिवणीचं लिहितोस.

लोभ असावा असं आई मुलाला लिहीत नाही, परक्याला लिहितात. पण निकालापासून मी तुला परक्यासारखंच ठेवलं, म्हणून लिहिते. लोभ असू दे.

आई