दाखल्यावरचा शिक्का

सफाक्स बंदर, ३ मार्च १९८७

ती. दलेंदाताईस मुन्सिफचा सलाम वि. वि.

परत तेच. तिन्ही पत्रांत तुझं एकच, लग्नाआधीच्या डॉक्टरी दाखल्यासाठी रक्त खरंच तपासून घे. आतेभाऊ लझहर चाळीस दिनारांत रक्त न देता शिक्का आणून देतो म्हणतो. तू गावची सुईण, बंदराची नाहीस. मला काही झालेलं नाही. एक फोड आहे, तोही दुखत नाही. जुहराला सांग, ईदनंतर आमच्या लग्नाला येतोच.

राग आला तर ठेवून दे, आल्यावर काढ.
मुन्सिफ

गुमरासेन, ११ मार्च

चि. मुन्सिफ यास आशीर्वाद आणि एक धपाटा.

दुखत नाही हीच तर भीती, वेड्या. ही गरमी असेल, संगातून लागणारा रोग. फोड आपोआप जातो, रोग आत राहतो. गेल्या हिवाळ्यात एक बाळ माझ्या हातात आलं. पुऱ्या दिवसांचं, नखंसुद्धा आलेली. रडलंच नाही. त्याच्या बापाकडेही असाच शिक्का होता. जुहराचं बाळ मला तसं धरायचं नाही. सरकारी दवाखान्यात जा, आणि तिला तू सांग, नाहीतर मी सांगेन.

जेवत जा.
ताई

सफाक्स, ९ एप्रिल

ती. ताईस सलाम.

गेलो. फोडातला थेंब काचेवर घेऊन तिथल्या बाईंनी मला यंत्राला डोळा लावायला सांगितलं. ताई, आपल्या डोंगरावरच्या आभाळासारखं काळंभोर, आणि त्यात चांदीच्या तारेची बारीक मळसूत्रं फिरत होती. घाई नाही, भीती नाही. तोंडातून सुबहानल्ला निघालं. बाई म्हणाल्या, इथे बाकीचे शिव्या देतात. एवढं माझ्यात नांदत होतं आणि मी निवांत मासळी उतरवत होतो. मग औषधाची सुई टोचली. तेवढ्यानं ते मरतं, हे त्याहून नवल. तीन महिन्यांनी परत रक्त, तोवर कुणाजवळ जायचं नाही. बंदरावर मी जिच्याकडे जायचो तिलाही निरोप दिला. ती आधी भांडली, मग तपासायला गेली.

जुहराला मीच लिहिलं. चार ओळींना चार दिवस लागले. तिनं कळवलं, माझं रक्त स्वच्छ आलं की मगच लग्न, आणि तीही तपासून घेणार, म्हणजे दोघांचे कागद सारखे. लझहरला मात्र वरातीत घ्यायचं नाही म्हणते. वाचून त्या यंत्रापाशी निघालं होतं तसंच तोंडातून सुबहानल्ला निघालं.

धपाटे असेच पाठवत जा.
तुझा मुन्सिफ

ता. क. दवाखान्यानं काही घेतलं नाही. जुहराला तपासायला तू घेऊन जा. गाडीभाड्याला आणि दोघींच्या जेवणाला, शिक्क्यासाठी बाजूला ठेवलेले पाठवतोय, चाळीस दिनार.