गच्चीवरचे काम आणि देवाचा कौल

अंधेरी,
ता. १२ जानेवारी १९८४

तीर्थरूप आईस,
काशीरामचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो.

हॉटेलात लागलो हे कळवले होते, पण एक गोष्ट लपवली. नाट्यगृहासमोरच्या या हॉटेलच्या गच्चीवर दारू मिळते. दुपारचे नाटक सुटले की माणसे वर येतात. सगळी सभ्य आहेत. वारा छान असतो, विमाने जवळून दिसतात.

दारूला हात लावणार नाही, असे रवळनाथासमोर बोललो होतो. म्हणून मी फक्त ट्रे धरतो, ग्लास गिऱ्हाईकच उचलते. परवा आम्हा वेटरांचे कप्तान तुळशीदास ओरडले, "तीर्थ वाटतोस काय रे? ग्लास टेबलावर ठेव ना!" सगळे हसले. मागाहून म्हणाले, "काम स्वच्छ आहे तुझे. एक तारखेला कायम करतो, पण ग्लास उचलायला शीक."

तेव्हा गुरवाकडून देवाला कौल लाव. मी पिणार नाही, फक्त टेबलावर ठेवणार, हे नीट सांग. उजवीकडचे फूल पडून होकार मिळेल असे वाटते. डावीकडचे पडले तरी कळव.

नलिनीचा खोकला थांबला का? हे पत्र तुला वाचून दाखवताना तिने आवाज हळू ठेवावा, बाबा पडवीत असतील.

कौल येईपर्यंत माझे दोन्ही हात ट्रेखालीच आहेत.

तुझा,
काशीराम