सामाईक भिंतीची ओल

चेल्टनम, ६ एप्रिल १९५८

चि. हेस्टरला अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांनी दादाचं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. आपल्या जोडघराच्या माझ्या अर्ध्यावर मी थापून घेतलेलं दर्शनी सिमेंट मार्चच्या पहिल्या सोमवारपासून खरवडून काढलं. आता पुन्हा चुन्याचा गिलावा देतोय, आणि त्यावर दगडी चिरे वाटावेत अशा रेघाही ओढणार, पूर्वी होत्या तशाच. जुन्या विटांना चुनाच मानवतो, असं गवंडी प्रॉबर्ट म्हणतो. तूही तेच सांगत होतीस आणि मी तुला, तू आपलं स्वयंपाकघर बघ, म्हणालो होतो.

माझ्या हट्टापायी आपल्या मधल्या भिंतीत ओल शिरली, तुझी निजायची खोली बुरसली, खोकला बळावला आणि तुला लेकीच्या दारी जावं लागलं. चुकलो गं.

सध्या जोडघर अर्धी दाढी केल्यासारखं दिसतंय. समोरच्या टिलीबाई रोज खिडकीत येऊन हसतात. बाबांच्या वेळेपासून आपण दर पाच वर्षांनी दोन्ही अर्धी एकाच डब्यातल्या रंगाने रंगवतो, बघणाऱ्याला एकच हवेली वाटावी म्हणून. यंदा पाचवं वर्ष. सप्टेंबरात रंगाला ये आणि मग परत जाऊच नकोस.

लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझा
ॲम्ब्रोज


टॉर्की, १० एप्रिल

ति. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सत्तरीला आलास, परांचीवर स्वतः चढला नाहीस ना? तुझा काही नेम नाही. माझा खोकला बरा आहे. मॉलीची मुलं दिवसभर डोकं खातात, पण जीव लावतात. येण्याचं आत्ताच काही सांगवत नाही. काम थांबवता येण्याजोगं असेल तर थांबव.

तुझी
हेस्टर


टॉर्की, १४ एप्रिल

ति. दादास सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी खोटेपणा केला. ती ओल तुझ्या सिमेंटची नव्हती. माझ्या छपरावरच्या शिशाच्या पन्हळीला भेग पडली होती. रेज होता तोवर दर शरदात पानं काढून तीच साफ करायचा. नवरा वारल्यावर तुला सांगायला मला कमीपणा वाटला. घर तपासायला आलेल्या माणसाने मी निघायच्या आधीच ती दाखवली होती. पण तू सगळ्या गल्लीत मान खाली घालून फिरत होतास, आणि माझंच खरं ठरलं याचं मला इतकं सुख झालं की मी तोंड उघडलं नाही. बहिणीने असं वागावं का?

दुसरं याहून वाईट आहे. मार्चच्या सात तारखेला मी माझं अर्धं एका दंतवैद्याला विकलं. सही झाली, आता फिरवता येत नाही. त्याला म्हणे पिवळा रंग आवडतो. तुझं नुसतं ‘ये’ एवढं जरी त्याआधी आलं असतं, तरी मी सही केली नसती.

रागावलास तरी उत्तर धाड.

तुझी अपराधी
हेस्टर


चेल्टनम, १७ एप्रिल

चि. हेस्टरला अनेक आशीर्वाद.

पन्हळीचं मला ठाऊक होतं. प्रॉबर्टने पहिल्याच दिवशी परांचीवरून ओरडून सांगितलं, पाणी तुमच्या बहिणीच्या बाजूने उतरलंय म्हणून. तेव्हा हातभरही सिमेंट निघालं नव्हतं. मी म्हटलं, तरी काढ सगळं. तुला जे बोललो होतो, ते तर माझंच होतं ना? तीन वर्षं पत्र लिहायला बसायचो आणि रिकाम्या हाताने माफी मागायला लाज वाटायची. म्हणून आधी घराची भिंत सोलली. तेवढ्यात महिना गेला आणि घरही गेलं.

दंतवैद्य काल पट्टी घेऊन खोल्या मोजून गेला. बरा आहे बिचारा. सकाळी भिंतीपलीकडे तुझ्या किटलीची खुडबुड व्हायची, आता तिथे कोणाचे तरी दात उपटतील.

माझी मागची खोली कोरडी आहे. ऊनही येतं.

ये.

ॲम्ब्रोज