मेथीच्या वाफ्यातली नणंद

मंगरूळपीर
शनिवार, दुपार

भागिरथाबाईंच्या पायावर धाकट्या भावजयीचं, म्हणजे तुळसाचं, डोकं. पाय मागं घेऊ नका, चिठ्ठीतलं डोकं हाये, जड नाही.

तुमचा गुडघा कसा हाये? दवाखान्यातल्या गोळ्या घेता का सुनेच्या भेवानं हातात घेऊन खिडकीतून फेकता? शेक घ्या, अन् पाटावर बसणं बंद करा, खुर्चीवर बसल्यानं कोणाचा मान जात नाही. इकडं आमी सगळे मजेत हाओत असं लिहायची पद्धत हाये, पण आमी मजेत नाही. समीक्षाच्या साक्षगंधापासून तुमचे भाऊ माह्याशी बोलत नाहीत. म्हणजे ‘पाणी दे’ अन् ‘मोटर बंद कर’ एवढं बोलतात. (आधीबी एवढंच बोलत होते, पण आता तोंड फिरवून बोलतात, म्हणून राग हाये हे कळते.) हे सगळं मी फोनवरच सांगतलं असतं. पण माहा आवाज ऐकला की तुमी फोन कापता, अन् स्वप्निलच्या फोनवरून लावला तं ‘बेटा, तुही माय बाजूले उभी हाये का?’ असं इचारून कापता. चिठ्ठी कापता येत नाही. फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस वाचतेच. म्हणून बसली लिहायले. रतनसिंग उद्या भाजीची गाडी घेऊन शिरपूरले येऊन राह्यला, त्याच्या हातानं पाठवते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाये, चष्मा लावून वाचा.

सरळ सांगते. पोरीच्या साक्षगंधाचं तुमाले सांगायचं राह्यलं, कारण मी विसरली. तुमाले टाळलं नाही. तुमची जाऊ सगळ्याईले सांगून राह्यली म्हणते की तुळसानं मुद्दाम टाळलं. बाई, तुमी मले इतके वर्ष पाहून राह्यल्या. मले टाळायचं असतं तं मी बसनं शिरपूरले आली असती, तुमच्या ओट्यावर बसली असती अन् तोंडावर सांगतलं असतं की येऊ नका. गुपचूप टाळणं माह्या स्वभावात नाही, तेवढी सबुरीच नाही.

आता विसरली कशी, ते ऐका. हे औंदा पावसाळ्यापासून सुरू झालं. डाळ गॅसवर ठेवून वावरात जायचं. तराजू घेऊन बाजारात जायचं अन् वजनं घरी. एकदा तं मी चप्पल शोधून राह्यली होती अन् ती पायात होती. (हे कोणाले सांगू नका.) आधी मी आपल्या आईसारख्या पदराले गाठी मारल्या. एक गाठ गॅसच्या नंबराची, एक खताच्या पोत्याची, एक तुमच्या भावाच्या बीपीच्या गोळीची. सांजेले पदर पायला तं नुसत्या गाठीच गाठी, अन् कोणती कशाची ते कोणाले इचारावं? मंग तुमच्या भावानं माह्या डोक्यासाठी बाजारातून बदाम आणले अन् गाडीच्या डिक्कीत विसरले. ते उंदरानं खाल्ले. तवापासून तो उंदीर पिंजऱ्याकडं फिरकत नाही, सगळं ध्यानात ठेवते.

तेव्हा समीक्षा म्हणे, आई, वाचनालयाच्या हॉलमधी एक सर येऊन राह्यले, आठवण कशी वाढवावी ते शिकवतात, परीक्षेच्या पोराईसाठी हाये पण तू बस मागच्या बाकावर. बसली. सर तसा चांगला होता, फक्त दर वाक्याले ‘लक्षात आलं का?’ इचारे. मी म्हटलं, बाबू, लक्षात येत नाही म्हणूनच तं आली. तो हासला. त्यानं सांगतलं की माणूस विसरत नाही, माणूस ध्यानच देत नाही. किल्ली ठेवली त्या टायमाले डोकं दुसरीकडं होतं, मंग किल्ली डोक्यात शिरलीच नाही तं निघणार कुठून? हे मले पटलं. मंग त्यानं युक्ती सांगतली. म्हणे, आपलं घर डोळ्यापुढं आणा. जे ध्यानात ठेवायचं ते एकेका खोलीत ठेवा, अन् काहीतरी चमत्कारिक करून ठेवा, म्हणजे राह्यते. मंग मनातल्या मनात घरातून फिरायचं, एकेक सापडत जाते.

आमच्या घराच्या खोल्या दोन. त्यात दोन्हीकडचे सोयरे बसवायचे म्हटलं तं मले अन् तुमच्या भावाले बाहेर निजावं लागलं असतं. म्हणून मी घर सोडलं अन् वावर धरलं. वावर मले अंधारात पाठ हाये, कोणत्या वाफ्यात काय हाये, पाणी कुठून फिरते, सगळं. बसवले मी एकेक. मोठ्या जावेचं घर मिरचीत बसवलं, अन् ती दोन्ही हातानं मिरच्या खाऊन राह्यली अन् तिच्या कानातून धूर निघून राह्यला, असं चित्र केलं. माहेरचे वांग्यात. माहा भाऊ गजेंद्र एवढ्याशा वांग्याच्या झाडाच्या सावलीत निजला, पाय बाहेर. पोराकडचे टमाट्यात, सगळे धुतलेले कपडे घालून अन् मागून लाल झालेले. रोज सकाळी पाणी देता देता मी एकेका वाफ्यापाशी उभी राहो अन् तिथंच मोबाईलवर एकेकाले आवतन देओ. बाई, एकबी चुकलं नाही. समीक्षा म्हणे, आई, तू तं सराईच्याबी पुढं गेली. मले गर्व झाला, खोटं काहून बोलू.

तुमाले मी विहिरीजवळच्या मेथीत बसवलं होतं. सगळ्यात जवळचा वाफा, सगळ्यात गार. पण गणित इथंच चुकलं. मिरची राह्यते, वांगं राह्यते, टमाटं राह्यते. मेथी राहत नाही. तुमच्या आवतनाची पाळी यायच्या आधीच बाजारात भाव चढला, तशी मी पोराईले घेऊन सारी मेथी उपटली, जुड्या बांधल्या अन् रतनसिंगच्या गाडीत टाकल्या. तुमीबी गेल्या तिच्यासंग. दुसऱ्या दिवशी मी पाणी देत फिरली तं मिरचीत जाऊ होती, वांग्यात गजेंद्र होता, अन् विहिरीजवळ नुसती माती. मातीत कोणी दिसलं नाही, अन् मातीले कोण इचारते?

साक्षगंधाच्या दिवशी हे कसं उघडं पडलं ते तुमाले कोणी सांगतलं नसन, म्हणून मीच सांगते. फोटो तं तुमी स्वप्निलच्या स्टेटसवर पायले, पण फोटोत आवाज येत नाही. ओटी भरून झाली. नवरदेवाच्या आजीनं ताटातून एक साडी उचलली, मोरपंखी, काठ सोनेरी, अन् सगळ्याईकडं पाहून म्हणे, ‘पोरीची आत्या कोणती हो? पुढं या माय.’ मंडपात सारे एकमेकाकडं पाहायले लागले. तुमचे भाऊ माह्याकडं पाहायले लागले. अन् बाई, त्या टायमाले माह्या पायाखालची सतरंजी गार पडली. जिनं बारशाले पोरीच्या कानात नाव सांगतलं, तिलेच सांगायचं राह्यलं! ती म्हातारी साडी हातात धरून उभीच. शेवटी समीक्षाच उठली अन् म्हणे, ‘आत्याचा गुडघा दुखते, मी पोचवीन साडी.’ पोरगी खोटं बोलली अन् मले वाचवलं. आतमधी जाऊन मंग रडली. माह्यासाठी नाही, तुमच्यासाठी. ती साडी तिच्या कपाटात हाये, कोणाले हात लावू देत नाही.

तवापासून मी इचार करून राह्यली. पीक चुकलं हे खरं, पण पूर्ण खरं नाही. बाकीच्याईले मी चमत्कारिक करून बसवलं होतं, अन् तुमाले? तुमाले मी तशाच बसवल्या जशा तुमी बसता. एक पाय लांब करून, मांडीवर मेथी घेऊन, जुडीले सुतळी दातात धरून. (जुडी बांधायले तुमीच शिकवलं मले. नवी नवरी होती मी, सासूबाई ओरडल्या की तुमी माह्या वाटच्या जुड्या आपल्या ढिगात सरकवून देओ.) त्या चित्रात धूर नाही, सोंग नाही. जे माणूस कधी बोचलंच नाही ते ध्यानात कुठं टोचून राहीन? मोठी जाऊ मले माह्या लग्नातल्या साडीले पोछा म्हणाली होती, ते मले सालासकट याद हाये. तुमी माह्या बाळंतपणात शेक दिला, तो कोणता महिना होता ते आठवावं लागते. डोक्याची ही कोणती रीत हाये? दुखवणाऱ्याले पुढची खुर्ची अन् भलं करणाऱ्याले मागं उभं ठेवते.

असं म्हटलं की तुमाले बरं वाटन. मलेबी वाटलं, म्हणून मी पुन्हा इचार केला. कारण गोड बोलून सुटणं मले जमत नाही. बाई, सासूबाई गेल्यापासून आपल्या घरात तुमचं नाव कोणी घेतलं नाही. आधी त्या रोज घेत होत्या, ‘भागिरथा असती तं’, ‘भागिरथाले सांबाराची जुडी पाठवा’. आमाले कटकट वाटे. त्या गेल्या अन् कटकट बंद झाली. दिवाळीले तुमी आल्या नाही, आमी न्यायले आलो नाही, कोणी भांडलंबी नाही. तोंडातून नाव गेलं की मंग ते डोक्यातून जायले वेळ लागत नाही. त्या सराले हे मालूम नव्हतं, नाहीतं त्यानं खोल्या-बिल्या सोडून एवढंच सांगतलं असतं, की ज्याले विसरायचं नाही त्याचं नाव रोज घरात कामाले लावा. मी सुरू केलं हाये. काल भाकर टाकताना उगंच म्हटलं, भागिरथाबाईची भाकर कशी टम्म फुगते. तुमच्या भावानं तोंड फिरवलं नाही, पायलं माह्याकडं.

लग्न पुढच्या महिन्यात हाये. माफी मी मागून राह्यली, दुसऱ्यांदा मागायले लावू नका, मले राग येईन. साडी नेसून या. पोरगी हळदीले बसणार नाही म्हणते तुमच्याशिवाय, अन् ती माह्यासारखी हाये, म्हणजे खरंच बसणार नाही.

तुमची भावजय,
तुळसा

ता. क. (असं लिहून मंग कितीबी लिहिता येते, हे समीक्षानं सांगतलं.) घरच्या देवाले हळद दाखवायची ती कोणाले आधी, कोणाले मागून, अन् तेव्हाचं ते गाणं, हे सासूबाईनं फक्त तुमाले शिकवलं. मी गावात इचारलं तं जेवढे तोंडं तेवढ्या रीती. तुळसाले गरज पडली म्हणून बोलावते असं वाटलं तं वाटू द्या. गरज हायेच.

ता. क. दुसरं. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी चहा देताना मी तुमच्या भावाले इचारलं होतं, ‘कोणी राह्यलं का हो?’ ते मोबाईलात पाहून राह्यले होते, म्हणे, ‘नाही, झाले सारे.’ तुमी त्याईची सख्खी बहीण, एका मायच्या. मी लग्न होऊन आलेली. त्याईचा फोन तुमी उचलता. त्याईनं विसरलं तं ‘गड्यामाणसाच्या जातीले कुठं ध्यान राह्यते’, मी विसरली तं मन काळं. तुमच्या माहेरची याद ठेवायचं काम माह्या एकटीकडं कधी आलं? भांडत नाही. खरंच इचारून राह्यली.

ता. क. तिसरं. वरचं लिहून मी त्याईले वाचून दाखवलं. त्याईनं मोबाईल उलटा ठेवला. मंग म्हणे, सोमवारी मी स्वतः पत्रिका घेऊन शिरपूरले जातो, तिच्या हातात देतो. डोळे भरले होते त्याईचे. मी ठरवलं हाये, याद द्यायची नाही. आले तं समजा, भावाले बहीण आपली आपण आठवली.

ता. क. शेवटचं. रविवारची सकाळ झाली, रतनसिंग दारात हॉर्न वाजवून राह्यला. मले राहवलं नाही, आताच म्हटलं, ‘सोमवारचं ध्यानात हाये ना?’ ते म्हणे, ‘सोमवारी काय हाये?’

सोमवारी ते आले तं आले; मंगळवारी मी येते, पहिल्या बसनं. चहा नका ठेवू. दार तेवढं उघडा.