दांड्यावरची माळ

म्हैसूर, आयुधपूजा, संध्याकाळ

आज मामांच्या तोंडावर ठोसा मारला. सख्ख्या मामांच्या. ओठ फाटला, रक्त झेंडूवर सांडलं.

आम्ही दोघं पार्कातला रोलर कोस्टर चालवतो. गेल्या आयुधपूजेला गाडीला घातलेली झेंडूची माळ सीटच्या सुरक्षा-दांड्यात अडकली, लॉक लागलं नाही आणि वळणावर एक मुलगी बाहेर फेकली गेली. तेव्हापासून नियम आहे, गाडीला माळ नाही आणि प्रत्येक दांडा हाताने ओढून बघायचा. आज मामांनी त्याच सीटला माळ बांधली. म्हणाले, "हब्बाच्या दिवशी, एवढ्या सणाला, मशीन बोडकं ठेवायचं काय रे?"

मारलं. मग दांडा ओढून बघितला. पक्का बसला होता. म्हणजे उगाच मारलं का? आई माझ्याशी बोलत नाही. पण पुढच्या पूजेला त्यांनी माळ आणली, तर पुन्हा मारीन.