समुद्राची भाजी

कुरखेडा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय पुनी,

ताईकडून तुला भरभरून माया. इकडे सगळे ठीक. धान विकून झालं, थंडीनं बाबांचा गुडघा कुरकुरतोय, आणि आठवीच्या पोरांनी शाळेतलं एकुलतं एक चांगलं भिंग फोडलं. हे कागदावर लिहून फोटो पाठवतेय, कारण फोनवर तुझा आवाज आला की मी उगाच गोड बोलायला लागते.

आई आठवडाभर फोन का घेत नाही, असं तू विचारलंस. तब्येत बरी आहे तिची. तुझ्याशी बोलायची तिला लाज वाटते.

मैत्रिणीच्या हाती तू नागपूरपर्यंत पाठवलेलं सरगॅसमचं, त्या तुझ्या समुद्री शेवाळाचं, पाकीट आलं, आणि आईनं ते रांधलं. हसू नकोस. वाळलेलं, तपकिरी, चुरगळलेलं. आपल्याकडची वाळवलेली हरभऱ्याची भाजी अशीच तर दिसते. वर नाव लिहिलंस तेही इंग्रजीत. तिनं भिजवलं, तुरीची डाळ टाकली, लसणाची फोडणी दिली.

पहिल्याच घासाला बाबा म्हणाले, "काऊन वं रुखमा, एवढी खारट?"

"पुनमनं वाळवून धाडली ना भाजी. तिकडली असन."

बाबांचा हात ताटातच थांबला. ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. आई पदर तोंडाला लावून बसली. "मी अडाणी. पोरीनं समुद्र धाडला अन् मी चुलीवर ठेवला," एवढंच म्हणत राहिली.

बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "मुळाबिगर तरंगणारं झाड येऊन राह्यलं, पाहाले या." काचेच्या कपाटातला मधला खण त्यासाठी रिकामा केला होता. त्या खणात विज्ञान प्रदर्शनात मला मिळालेलं मानचिन्ह होतं. ते आता वर, जुन्या गोधड्यांमागे आहे.

पुनी, मला तुझा हेवा वाटतो. जळते मी तुझ्यावर. तू संशोधनाला गेलीस त्या बेटावरून व्हिडिओत दाखवतेस, मैलोन् मैल तपकिरी गालिचा, त्यातले हवेचे इवले मणी, आणि म्हणतेस, "ताई, याला कुठे रुजावंच लागत नाही." तेव्हा मला वाटतं, ही स्वतःचंच कौतुक करतेय. वनस्पतीशास्त्र आधी मी घेतलं होतं. शेवाळाच्या आकृत्या काढायला तुला मी शिकवलं. बाबांचा गुडघा गेला त्या वर्षी मी धानाच्या रोवणीला घरी थांबले आणि तू पुढच्या वर्षी नागपूरला गेलीस. तुझा यात काही दोष नाही. म्हणूनच जास्त राग येतो. दोष असता तर भांडून मोकळी झाले असते.

आता राहिलेलं लिहिते.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी लवकर घरी आले. आई मागे विहिरीवर होती. चुलीजवळच्या गंजात काहीतरी भिजत होतं, फुगून वर आलेलं, आणि त्यात मणी होते. मी बघताक्षणी ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा सरगॅसम हातात धरलं, आणि खरं सांगते, फार सुंदर होतं. मग मी ते पाण्यात परत सोडलं, चपला घातल्या आणि शाळेत परत गेले. आईला हाक मारली नाही. जेवताना तीच भाजी मी वाढून घेतली.

आईला वाटतं चूक तिची. आज रात्री मी तिला सांगणार आहे, ते माझ्याकडे लागलं.

बाबांचं मात्र मला जमणार नाही. हल्ली कुणी झाड पाहायला आलं की ते हसून सांगतात, "रुखमानं रांधलं ना बापा. माही चंचल घरी असती तं पायल्याबरोबर वळखलं असतं. तिच्याइतकी हुशार नाई कोणी आमच्या घरात." पुनी, हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. माझ्या हातानं ते मला पुसवत नाही. बाबांना तू सांग.

घरीच होती,
तुझी ताई
चंचल