निरोपाचे दोन अर्थ

तंजावूर,
१७ ऑगस्ट १९९५

प्रिय भागीरथी,

बंगळूरला सुखरूप पोहोचलीस, खोली मिळाली, नव्या कंपनीत संगणकासमोर बसू लागलीस, इतके तुझ्या आईंकडून कळले. इकडे मी शनिवारच्या जेवणातील घटनांचा क्रम लावतो आहे. इतिहासाचा शिक्षक असूनही तो मला लागत नाही.

प्रथम सूचना पाहू. आपल्या कीर्तन मंडळात घरी मराठी सारेच बोलतात, वाचतात मात्र तमिळ; देवनागरी वाचणारे तिघेच: तू, मी आणि चिदंबर. मी लिहिले, 'शनिवारी सायंकाळी भागीरथीचा निरोप. प्रत्येकाने एक पदार्थ आणावा', आणि चिदंबरने ते घरोघर वाचून दाखवले. पुण्यात शिकत असताना निघणाऱ्याला निरोप देतात हे मी ऐकले होते. आपल्या घरांत मात्र निरोप म्हणजे कुणाकरवी धाडलेला शब्द. निघणाऱ्याला आपण 'जाऊन या' म्हणतो आणि विषय संपवतो. मोठा मनोरंजक फरक आहे हा. तो माझ्या आधीच लक्षात यायला हवा होता.

परिणाम तू पाहिलासच. सहा घरांचे सहा डबे उघडले, सहाही गोडाचे: केसरी, म्हैसूरपाक, दोन पायसम, बदुशा, पुन्हा केसरी. सांबार नाही, भाताचे शीतही नाही. जयलक्ष्मी मावशींनी मला दंडाला धरून तुझ्या शेजारी बसवले. "अय्यो मास्तर, बारा वर्षं हिच्यामागे उभं राहून झांज वाजवलीत. एक निरोप आणायला एवढा वेळ?" गुरुमूर्तींनी पिशवीतून हार काढले. दोन होते. भागीरथीचा निरोप म्हणजे लग्नाला तुझा होकार, आणि तो ऐकायला सारे जमले आहेत, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले.

मी उठलो, तालमीच्या फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले आणि उदाहरणांसह समजावले. बहुधा पाऊण तास. उदाहरणे चांगली होती, असे अजूनही वाटते. गुरुमूर्तींनी एक हार तुला घातला, दुसरा मुकाट्याने पिशवीत ठेवला. तू केसरीच्या द्रोणात पाहत हळूच विचारलेस, "मग मास्तर, तुमचा यातला कुठला?" मी म्हणालो, "पहिला." तू हसलीस.

कुठला अर्थ धरून हसलीस? मी वर काय लिहिले होते आणि खाली काय, तेच मला आठवत नाही. सकाळी पाहायला गेलो तर फळा कुणीतरी पुसलेला. चिदंबर म्हणतो वर 'निघणे' होते, मावशी शपथेवर उलटे सांगतात. चार दिवस दोघांनाही विचारतो आहे.

म्हणून आता फळ्यावाचून सांगतो. नोकरी सोडू नकोस, परतही येऊ नकोस. मला तुझ्याशी लग्न करायचे आहे. हे मी बारा वर्षांत एकदाही म्हटले नाही, आणि शनिवारी सर्वांनी तोंडात घास घालून दिला तरी म्हटले नाही. बंगळूरच्या शाळांत इतिहासाचे शिक्षक लागतात का, तेवढे विचारून कळव. लागत नसतील तरी कळव.

तुझाच, तू म्हणशील तर,
रघोजी